विनंती बदली

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या ज्याने जवळून पाहिल्यात, त्याला विमानात सीटवरून चाललेला कुठलाही गोंधळ नवा वाटत नाही. विनंती बदली, आपसी बदली, प्रशासकीय बदली, पती-पत्नी एकत्रीकरण असे सगळे प्रकार तिथे जसेच्या तसे सापडतात. फरक इतकाच, की शाळेच्या बदल्यांत अख्खा उन्हाळा जातो आणि विमानात हा कारभार दार बंद व्हायच्या आत उरकावा लागतो. तोही अशा वेळी, की मागे पन्नास माणसं पाठीवर सॅक घेऊन खोळंबलीत, पुढे एक गृहस्थ वरच्या कप्प्यात न मावणारी बॅग खांद्याने रेटताहेत, आणि मधल्या चिंचोळ्या वाटेत एक बाई गर्रकन वळून आपल्याला म्हणतात, "एक विनंती होती."

ही विनंती पोराबाळांच्या बापाकडे सहसा जात नाही, नवराबायकोंकडे जात नाही, दहा जणांच्या केसरी-वीणा ग्रुपकडे तर नाहीच नाही. ती हेरून येते ती एकट्याकडे. एकटा प्रवास करणारा माणूस हे इतरांच्या लेखी रिक्त पद असतं. त्याला घर असेल, दार असेल, त्याने दोन दिवस आधी मोबाइलवर बोट फिरवून, आपला पाय दुखतो म्हणून पैसे मोजून कडेची सीट घेतली असेल, हे कुणाच्या मनातही येत नाही. "तुम्ही एकटेच ना?" असं विचारतात. यावर "हो" म्हटलं की बोलणी संपली. आता फक्त आदेश निघायचा.

आणि विनंती कधी स्वतःसाठी नसते. मराठी माणूस स्वतःसाठी काही मागत नाही, हा आपला बाणा आहे. "मला काही नाही हो, मी कुठेही बसेन, पण आमच्या ह्यांना..." हे म्हणजे तीन रांगा मागे बसून वर्तमानपत्र वाचणारे एक धडधाकट गृहस्थ असतात. त्यांना या वाटाघाटींचा पत्ताही नसतो. बहुतेकदा बायकोपासून तीन रांगा लांब मिळाल्याबद्दल ते मनातल्या मनात विमान कंपनीचे आभार मानत असतात. पती-पत्नी एकत्रीकरण झाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे भाव दिसतात, ते काही एकत्र आलेल्या पतीचे नसतात.

मोबदल्यात आपल्याला काय मिळणार, हे कधी धड सांगत नाहीत. "माझी पण सीट चांगलीये, अठ्ठावीस ई." आपल्याकडच्या बहुतेक विमानांत एका बाजूला ए, बी, सी आणि दुसऱ्या बाजूला डी, ई, एफ अशी मांडणी असते. म्हणजे ई ही मधली. मागून तिसरी रांग, मधली सीट, उजवीकडे घोरणारा, डावीकडे कोपर पसरणारा, आणि स्वच्छतागृहाची रांग थेट आपल्या कानाशी. शिक्षकांच्या बदल्यांत याला अवघड क्षेत्र म्हणतात आणि तिथे काही वर्षं काढली की पुढच्या बदलीत प्राधान्य तरी मिळतं. विमानात तेही नाही.

तरीही यातला सगळ्यात पोचलेला प्रकार वेगळाच आहे. तिथे विनंतीबिनंती नसतेच. तुम्ही तुमच्या सात एपाशी पोचता, तर तिथे एक काका आधीच स्थानापन्न. पट्टा लावलेला, चपला काढलेल्या, पुढच्या खिशात चष्म्याची केस, पाण्याची बाटली आणि सुपारीची डबी. घरभरणी होऊन गेलेली.

"काका, ही माझी सीट."

"कितवी?"

"सात ए."

"हो हो, हीच." हे इतक्या प्रेमाने सांगतात, की आपल्याला पत्ता सापडला याचाच त्यांना आनंद झाला असावा.

"नाही, म्हणजे तुमची कुठली?"

"आमची ती मागे कुठेतरी आहे. बसा की तिथे. काय फरक पडतो? सगळे एकाच वेळी पोचणार!"

या युक्तिवादाला तोड नाही. न्यूटनने मांडावं इतकं ते निखळ सत्य आहे. फक्त हे सत्य स्वतः उठून मागे जाऊन बसायच्या कामी आजवर कुणी वापरलेलं नाही.

पण काकांनाही दोष देववत नाही. आपला इतिहासच तसा आहे. १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी सुटली. बरोबर एका आठवड्याने, ८ जून १९४८ ला, एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं. आणि कुळांना संरक्षण देणारा आपला कूळकायदाही त्याच १९४८ सालचा. म्हणजे बसायची, उडायची आणि बसल्या जागेवरून न उठायची, अशा तिन्ही सोयी आपल्याला एकाच वर्षात मिळाल्या. कसेल त्याची जमीन हे शेताच्या बाबतीत योग्यच होतं. काकांनी त्यात एका अक्षराची दुरुस्ती केली.

एसटीत तर कितीतरी वर्षं कागदापेक्षा रुमाल मोठा होता. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकायचा, रुमाल नसेल तर टोपी, टोपी नसेल तर पिशवी, आणि अगदीच काही नसेल तर धाकटं पोर. त्या रुमालाचा मान राखला जायचा, हे मात्र कबूल केलं पाहिजे. मुंबईच्या लोकलमध्ये याहून पुढची पायरी. "कुठे उतरणार?" असं विचारून माणूस जिवंत असतानाच त्याच्या जागेचा वारस ठरतो. तीन जणांच्या बाकड्यावर चौथा टेकतो, तो सीटवर कमी आणि श्रद्धेवर जास्त बसलेला असतो. अशा तालमीत तयार झालेल्या माणसाला तुम्ही एक चिठ्ठी देऊन सांगता, की यावर छापलेल्या आकड्यावरच बसायचं. तो चिठ्ठी घेतो, घडी घालून खिशात ठेवतो आणि मोकळी खिडकी शोधायला लागतो.

आपल्याकडे २००३ मध्ये एअर डेक्कन सुरू झाली तेव्हा सुरुवातीला विमानातही नंबर नसत. जो आधी पोचेल तो खिडकीत. धावपट्टीच्या उन्हात टाय लावलेली माणसं लॅपटॉपची बॅग छातीशी धरून शिडीकडे पळायची. अमेरिकेतली साउथवेस्ट तर १९७१ पासून अर्धशतकाहून जास्त काळ याच पद्धतीने चालली. तिनेही शेवटी जानेवारी २०२६ मध्ये नंबर दिले. माझं मत विचाराल तर ती पद्धत जास्त प्रामाणिक होती. पळता येतं त्याला खिडकी. सरळ हिशेब, कुणाची विनंती नाही, कुणाची भीड नाही.

आता हिशेब पैशाचा आहे, आणि खरी गोम तिथेच आहे. वेब चेक-इन करायला गेलं की पडद्यावर विमानाचा नकाशा येतो. फुकटच्या सीट शोधायला गेलं तर मागच्या भागातल्या, बहुतेक मधल्या. खिडकीला पैसे, कडेला पैसे, पुढे बसायला जास्त पैसे, पाय लांब करायला आणखी जास्त. इथे कुटुंबप्रमुखाचा स्वाभिमान जागा होतो. "तिकीट काढलंय ना? मग बसायचे वेगळे कसले?" हाच माणूस विमानतळावर तीनशेची कॉफी दोन घोटांत पितो आणि वर "कॉफी बरी होती" म्हणतो. पण चौघांना शेजारी बसवायला प्रत्येकी तीनशे? शक्य नाही. "जाऊ दे, आत गेल्यावर बघू." आत गेल्यावर बघू म्हणजे काय? आत गेल्यावर कुणीतरी तीनशे भरून बसलेला एकटा प्राणी सापडेल, त्याला उठवू. कंपनीने लावलेला आकार त्यांनी भरला नाही, तो त्यांनी माझ्या भिडेकडून वसूल केला. मला अदलाबदलीचा राग नाही. पण ही अदलाबदल नसतेच, ही उधारी असते आणि तीही न फेडायची.

लहान मुलांचं तेवढं वेगळं. चार वर्षांचं पोर तीन रांगा पुढे आणि आई मागे, असं असेल तर माणसाने मागायची वाट न बघता उठावं. २०२४ च्या एप्रिलमध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपन्यांना सांगितलंच, की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला एकाच पीएनआरवर असलेल्या आईबापांपैकी एकाच्या तरी शेजारी बसवा. नियम चांगला आहे. पण बारा वर्षांवरच्या मुलांचं काय, यावर तो मौन पाळतो. आपल्याकडे सदतीस वर्षांच्या मुलाच्या शेजारीही आईला बसावं लागतं, कारण तो बाहेरचं काही धड खात नाही. मोतीचुराचा डबा तिच्याकडे असतो आणि मुलगा दोन रांगा पुढे, एका आयटी कंपनीत सत्तर माणसांचा साहेब.

मधल्या सीटबद्दल लिहायचं तर एका जोडप्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. हे लोक हुशार असतात. नवरा कडेची घेतो, बायको खिडकीची, आणि मधली मोकळी राहील अशी आशा धरून बसतात. मधल्या सीटला गिऱ्हाईक कमी, हा हिशेब. विमान भरत जातं तशी त्यांची नजर येणाऱ्या प्रत्येकावर. जाडा माणूस आला की श्वास रोखतात, पुढे गेला की सोडतात. दिल्लीच्या एका विमानात त्यांचा श्वास सुटायच्या आत मी पोचलो.

"अरे! आहे वाटतं कुणीतरी," बाई खिडकीतून म्हणाल्या. मी होतो, याबद्दल मलाही जरा वाईट वाटलं.

मी सुज्ञपणे सुचवलं, "तुम्ही दोघं शेजारी बसा ना. मी कडेला बसतो, किंवा खिडकीत."

"छे छे, तुम्ही बसा निवांत. आमची काही हरकत नाही," काका म्हणाले. जणू मधली सीट ते मला दान देत होते. "मला जरा सारखं उठावं लागतं."

"आणि मला खिडकीशिवाय मळमळतं," काकू म्हणाल्या.

मग पट्टे लागले, विमान निघालं, आणि काकूंनी माझ्या नाकासमोरून हात नेत काकांना विचारलं, "गॅस बंद केला होतात ना?" काकांनी माझ्याकडे बघून उत्तर दिलं, "मी कशाला बंद करू? चहा तू केलास." पुढच्या दोन तासांत मला गॅस, मुख्य कॉक, शेजारच्या जोशीकाकूंकडची किल्ली, भाचीचं लग्न, भाचीच्या सासूने मानपानात नेसवलेली पातळं आणि त्या पातळांचा पोत, एवढं सगळं कळलं. चकली माझ्यावरून गेली. चिवड्याची पुडी माझ्यावरून गेली, तिच्यातले शेंगदाणे मात्र माझ्याकडेच उतरले. एका क्षणी काकूंनी "यांनाच विचारा, हे सांगतील, मी तेव्हा काय म्हणाले होते ते," असं माझ्याकडे बोट दाखवून म्हटलं आणि मी, आई शपथ, "हो, तुम्ही म्हणाला होतात," असं सांगितलं. काका दुखावले. दिल्ली येईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

माणूस सीट बदलतो, पण त्याचं खाणं बदलत नाही, हे आणखी एक. आधीच मागवून ठेवलेलं खाणं सीट नंबरावर लागलेलं असतं. श्रावणातल्या एका सकाळी माझी सात सी एका आजींना दिली आणि दोन रांगा मागे जाऊन बसलो. अर्ध्या तासाने हवाई सुंदरी हसतमुखाने आजींपुढे वाकली, "मॅम, युअर चिकन रोल." आजींच्या मांडीवर जपाची माळ होती. त्यांनी आधी रोलकडे पाहिलं, मग मुलीकडे, मग सावकाश मागे वळून माझ्याकडे. बाईमाणसाची जात, बरोबर ओळखलं. रोल परत फिरून माझ्यापर्यंत आला तोवर आसपासच्या चार रांगांना माझा श्रावण कसा चाललाय ते समजलं होतं. आजींनी मुंबईपर्यंत तीनदा वळून पाहिलं. मी तो खाल्ला की नाही, हे त्यांना नक्की करायचं असावं. खाल्ला. साडेचारशेचा होता.

दाराजवळच्या रांगेवर सगळ्यांचा डोळा असतो, कारण तिथे पाय लांब करता येतात. एरवी दोन सीटमधलं अंतर अठ्ठावीस-तीस इंच, म्हणजे आपला गुडघा हा पुढच्या माणसाचा खाजगी प्रश्न. पण त्या रांगेत अदलाबदल परस्पर चालत नाही. संकटात दार उघडायची ताकद आणि तयारी लागते, त्यामुळे लहान मुलं, गरोदर बायका, गुडघे बदललेले आजोबा यांना तिथे बसू देत नाहीत. कर्मचारी येऊन सूचना देतात आणि विचारतात, "गरज पडली तर दार उघडायची आपली तयारी आहे ना?" एका गृहस्थांनी शेजाऱ्याकडून महत्प्रयासाने ती जागा मिळवली होती. प्रश्न ऐकताच ते कासावीस होऊन म्हणाले, "आत्ताच?"

बदलीचा खरा अधिकार मात्र एकाचाच, कॅप्टनचा. ती प्रशासकीय बदली. लहान एटीआर विमानात, जिथे दोन-दोनच सीट असतात आणि शिडी शेपटाकडून लागते, तिथे माणसं कमी असली तर पुढच्यांना मागे नाहीतर मागच्यांना पुढे बसवतात, कारण कुठे किती वजन आहे यावर विमानाचा तोल ठरतो. म्हणूनच कर्मचारी कधीकधी सांगतात, "सीट बदलायची असेल तर विमान वर गेल्यावर बदला." गंमत अशी, की शेजाऱ्याची नम्र विनंती धुडकावून लावणारी माणसं या आदेशासमोर मुकाट उठतात. भौतिकशास्त्राशी वाद घालायची अजून आपली प्रथा नाही. अशा एका फेरीत पुढच्या रांगेतले एक भारदस्त शेठ मागे बसवले गेले. सुरुवातीला जरा फुरंगटले होते. तोलाचं कारण कळल्यावर मात्र खुलले. नंतर विमान कुठे जरा डगमगलं, की ते सीटमध्ये अंमळ सरकायचे आणि सगळ्यांकडे आश्वासक नजरेने पाहायचे.

लांबच्या प्रवासात सगळी मूल्यव्यवस्थाच उलटी होते. पुणे-दिल्लीला खिडकीसाठी भांडणारा माणूस अमेरिकेच्या पंधरा-सोळा तासांच्या विमानात खिडकी कुणी फुकट दिली तरी घेत नाही. तिथे भाव कडेच्या सीटला, आणि त्याचं कारण साठीनंतर सगळ्यांना कळतं. सुनेच्या नाहीतर लेकीच्या बाळंतपणाला निघालेले आईबाबा प्रत्येक विमानात असतात. बॅगेत मेथीचे आणि डिंकाचे लाडू, हातात प्लास्टिकची फाइल, फाइलमध्ये मुलाने मोठ्या अक्षरांत छापून दिलेल्या सूचना. आमच्या सोसायटीतल्या अशाच एका काकांच्या सूचनांत चौथा मुद्दा ठळक होता: "बाबा, ही सीट कुणालाही देऊ नका." काकांचा गुडघा दुखतो म्हणून न्यू जर्सीतल्या मुलाने शंभर डॉलर जादा भरून पुढे मोकळी जागा असलेली सीट घेतली होती. मुलगा बापाला ओळखून होता.

विमान सुटायच्या आत ती सीट गेली. कारण मागच्या रांगेतला उंच मुलगा नुसता "काका, जरा..." इतकंच म्हणाला होता. काकांनी विचारलं, "कुठले तुम्ही?" तो म्हणाला, "आता एडिसनला असतो, मूळचे वाईचे." संपलं. काकांची मावशी वाईची. गंगापुरीतली. मुलाला गंगापुरी माहीत होती. त्याच्या आजोबांचं कुठलंसं दुकान काकांना आठवलं, निदान आठवल्यासारखं झालं. मग तो सहा फुटी वाईकर पाय ताणून झोपला आणि काका गुडघा हातात धरून अटलांटिक ओलांडून गेले. तिकडे उतरल्यावर मुलगा संतापला, "बाबा, शंभर डॉलर!" काकांनी शांतपणे सांगितलं, "अरे, वाईचा होता तो." त्यांच्या मते मुद्दा तिथेच मिटला. काकूंच्या मते तो अजून मिटलेला नाही. बाळाचं बारसं झालं, बाळ रांगायला लागलं, तरी दुपारच्या चहाला वाईचं नाव निघतंच.

नाही म्हणता येणं ही एक कला आहे आणि तिची किंमतही मोजावी लागते. २०२४ च्या डिसेंबरमध्ये ब्राझीलमधल्या एका बाईने आपली खिडकीची सीट रडणाऱ्या मुलाला दिली नाही. वाद घातला नाही, आवाज चढवला नाही, कानात इअरफोन घालून डोळे मिटून बसून राहिली. दुसऱ्या प्रवासी बाईने तिचा व्हिडिओ काढून जगभर पोचवला, तिला लाज वाटावी म्हणून. झालं उलटंच. आयुष्यात कधी ना कधी खिडकी सोडावी लागलेले लाखो लोक तिच्या मागे उभे राहिले. ती पुढे कोर्टाची पायरीही चढली.

कोर्टावरून आठवलं. २०१५ साली न्यूअर्कहून तेल अवीवला जाणाऱ्या एल अलच्या विमानात ऐंशी ओलांडलेल्या एका आजींशेजारी एक अतिकर्मठ ज्यू गृहस्थ आले. परस्त्रीशेजारी बसणं त्यांच्या सोवळ्यात बसत नव्हतं. कर्मचाऱ्याने आजींना अदबीने दुसरीकडे यायला सुचवलं, तिकडची सीट जास्त चांगली आहे असंही सांगितलं. आजी काठी टेकत उठल्या, दुसरीकडे बसल्या, घरी गेल्या आणि दावा ठोकला. २०१७ च्या जूनमध्ये जेरुसलेमच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला: बाई आहे म्हणून कुणालाही उठायला सांगायचं नाही. कर्मचाऱ्याला कल्पना नव्हती, की आजी निवृत्त वकील आहेत. सीट मागण्याआधी माणसाचं गाव विचारण्यापेक्षा धंदा विचारावा, असं मला तेव्हापासून वाटतं.

मागायचीच असेल, तर उभ्याने मागावी. बसून मागितलेली सीट ही विनंती नव्हे, ताबेपावती असते. आपली सीट समोरच्याच्या सीटपेक्षा बरी असेल तरच मागावी. खिडकी देऊन कडेची मागावी, पुढची देऊन मागची मागावी, मधली देऊन काहीही मागू नये. आणि नकार आला तर "राहू दे, राहू दे, माणुसकी राहिली नाही हल्ली," असं शेजारच्या तिऱ्हाइताला ऐकू जाईल अशा बेताने पुटपुटू नये. देणाऱ्यानेही एकदा दिली की दिली. दोन तास मागून उसासे टाकत बसायचं असेल तर त्यापेक्षा सरळ नाही म्हटलेलं परवडलं.

पण आपल्याला नाही म्हणता येत नाही. मला तर येतच नाही. मी "तसं काही नाही, पण..." असं सुरू करतो आणि "पण"च्या पुढे माझी बॅग उचललेली असते. त्यामुळे पुण्याहून बंगळुरूला जाताना माझ्या रांगेत घडलेला प्रसंग मी विद्यार्थ्याच्या भावनेने पाहिला. मी दहा सीमध्ये. दहा बीमध्ये एक मुलगी. दहा एमध्ये, खिडकीत, सुती साडी, घड्याळाचा पट्टा चामडी, अशा साधारण पासष्टीच्या बाई, हातात शब्दकोडं. मागून एक तरुण आला.

"काकू, एक रिक्वेस्ट होती. ही माझी फ्रेंड आहे. तुम्ही माझ्या सीटवर बसाल का? म्हणजे आम्हाला एकत्र..."

"तुझी कुठली?"

"बावीस ई."

"म्हणजे मधली." बाईंनी शब्दकोड्यातून मान वर केली नाही. "मी या खिडकीचे चारशे पन्नास भरलेत. पावती आहे. तू बावीस ईचे किती भरलेस?"

"ती... ती फ्री होती."

"मग साडेचारशे दे. आणि खिडकी सोडून मधल्या सीटवर जायचे शंभर वेगळे."

मुलगा हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पर्समधून मोबाइल काढून क्यूआर कोड त्याच्यापुढे धरला. मागे रांग तुंबलेली, मुलगी खाली बघतेय, आणि पाचशे पन्नास रुपये आल्याची घोषणा त्या मोबाइलने खणखणीत मराठीत केली. बाई उठल्या, कोडं काखेत मारलं, मला "येते हं" म्हणाल्या आणि बावीसकडे चालू लागल्या. मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. कुणी कुणाचे उपकार घेतले नव्हते, कुणी दुखावलं नव्हतं, माणुसकीचं नावही निघालं नव्हतं.

विमान वर गेल्यावर मुलीने खिडकीची झडप खाली ओढली, कारण मोबाइलच्या पडद्यावर ऊन पडत होतं. दोघांनी आपापले इअरफोन घातले. ती एक मालिका बघत होती, तो क्रिकेट. तासाभराने बाई मागून आल्या. बावीसच्या माणसाला स्वच्छतागृह मागेच जवळ पडतं, पण त्या मुद्दाम पुढे निघाल्या होत्या. दहाव्या रांगेशी थांबल्या, बंद झडप पाहिली, दोन्ही मोबाइल पाहिले, आणि मुलाच्या कानातला इअरफोन दोन बोटांनी अलगद बाहेर काढून म्हणाल्या, "हे तुला बावीसमध्येही दिसलं असतं रे. तेही फुकट."